ठेवीचा कोंबडा

मंचर,
ता. १२ जानेवारी १९९८

सौ. मंगल हिस उगमचा जय जिनेंद्र.

तुझ्या रामदासबरोबर पाठवलेलं पोचलं ते असं: जिवंत कोंबडा एक, तांबडा, शेपटीत काळी पिसं. डालगं एक, झाकणासकट. नाचणी अंदाजे दोन शेर. चिठ्ठी एक. खर्च: कंडक्टरने कोंबड्याचं अर्धं तिकीट फाडलं ते साडेचार रुपये, डालग्याला नवी सुतळी एक रुपया. दारात डालगं उतरताना ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांना काय उत्तर द्यायचं, त्याची किंमत अजून काढलेली नाही.

चिठ्ठीत लिहितेस की तुमच्या डोंगरात कोंबड्यांना मर लागली, रोज माना टाकतात, हा एकच राहिलाय, मर सरेपर्यंत सांभाळ. आणि वर लिहितेस, "ज्या घरात कोंबड्याच्या जिवाला धोका न्हाई आसं एकच घर मला ठावं हाय." हे वाचून आमचे हे आधी हसले. मग गंभीर झाले. म्हणाले, "दुकानात कोणी विश्वासाने सोनं ठेवून गेलं तर आपण नाही म्हणतो का? ठेव ती ठेव." सून रीना म्हणाली, "पप्पा, सोनं पहाटे ओरडत नाही." पण ह्यांनी एकदा ठेव म्हटलं की विषय संपला. धान्याच्या गोदामामागे त्याला जागा दिली आहे.

एक सांगते. हा एवढा जपून कशासाठी हवाय ते मी विचारत नाही आणि तूही लिहू नकोस. घोडेगावच्या शाळेत सातवीपर्यंत आपण एका बाकावर बसलो. मी पुढे मॅट्रिक झाले, तुला डोंगरात दिली. मला सगळं कळतं. पण कळणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं. कागदावर आलं की त्या पापात माझाही वाटा आला.

ठेव बरी आहे. कळावे.

तुझी उगम

---

वरचीवाडी,
२५ जानेवारी

उगमला मंगलचा नमस्कार.

तू लिहू नको म्हणलीस, पण न लिहून भागत न्हाई. सासूबाई समोर बसून सांगत्यात आन मी लिहिते. झुंबरबाईंचा सोभाव तुला ठावं हाय, त्या म्हणत्यात, "देवाचं काम हाय, चोरून काय लिवायचं?"

तर आसं. आमच्या रामदासला पोरगी कुणी देईना. सासूबाईंनी म्हसोबाला नवस केला की नातवाचं जमलं तर माज्या हातानं वाढवलेला तांबडा कोंबडा तुला दीन. तवर रामदास वारूळवाडीकडं पोल्ट्रीत कामाला लागला, आन गोजरशी लग्न ठरलं. मे महिन्यात हाय. आता सासूबाई म्हणत्यात, नवस फिटल्याबिगर पोराला हळद लागायची न्हाई. आन हळद न्हाई तर लगीन न्हाई. गोजरचा बाप लई तापट हाय. म्हंजी बघ, माझ्या पोराचा संसार तुझ्या गोदामामागं दाणं टिपतोय.

आमचे मालक, म्हंजी भागू, म्हणत व्हते की रामदासच्या शेडातला एक बॉयलर कोंबडा द्यावा देवाला, स्वस्तात पडंल. सासूबाई मुद्दाम शेड बघून आल्या. हजारो पाखरं एका छपराखाली, सगळी पांढरी, सगळी एका वयाची. रातभर दिवं चालू, का तर त्यांनी खात ऱ्हावं. दीड महिन्यात गाडीत भरत्यात. उभं ऱ्हाऊन चार पावलं चालायचं म्हणलं तर पाय धरत न्हाईत. सासूबाई दारातच म्हणल्या, "ह्यांना आया न्हाईत का रं?" रामदास म्हणला, "आज्जे, आया न्हाईत, मिशीन हाय." त्या दिवशी त्या जेवल्या न्हाईत.

आन चव म्हणशील तर वला कापूस. तोंडात टाकला तरी कळत न्हाई काय खाल्लं. गावरान कसा, दोन घंटं शिजला तरी हाडाला धरून ऱ्हातो, रश्श्यावर तांबडा तवंग येतो, आन भाकरी त्यात... ऱ्हाऊ दे. तुला काय सांगत बसले मी. सासूबाईंनी सांगितलं तसं लिहिलं, माफी कर.

मंगल

---

मंचर,
ता. २० फेब्रुवारी १९९८

सौ. मंगल हिस,

तुझं पत्र अर्धं मी वाचलं आणि अर्धं ह्यांनी. रश्श्यापर्यंत आल्यावर ते उठून गेले आणि दुपारी नुसतं ताक घेतलं. सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, पुढच्या वेळी तवंगाच्या आधी थांबा.

आता ठेवीविषयी. तुला हसू येईल, पण हा कोंबडा आमच्या घरात सगळ्यांत जास्त नेमाने राहतो. सूर्य मावळला की पोत्यांच्या थप्पीवर चढतो, आणि मग समोर मोती टाकले तरी चोच उघडत नाही. आमचे हे चाळीस वर्षं सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम पाळतात, तरी दुकानातून उशीर झाला की दूध चालेल का म्हणून विचारतात. हा विचारत नाही. कांदा-बटाट्याच्या गावात राहून त्याने अजून दोन्हीला चोच लावलेली नाही. पहाटे मी सामायिकाच्या ध्यानाला बसले की बरोबर आरवतो. आधी राग यायचा. आता घड्याळाला किल्ली द्यायचं मी सोडलंय.

पण एक गोष्ट मला खाते आहे. तो किडे टिपतो. मी त्याला निवडलेली ज्वारी घालते, भिजवलेले हरभरे घालते, तरी गोदामात जाऊन सोंडे वेचतो. ह्यांच्या गव्हात दरसाल कीड पडायची, यंदा एक सोंडा नाही. परवा ते गुपचूप म्हणाले, "मर सरली तरी जरा राहू दे त्याला." मी म्हटलं, "म्हणजे आपण कीड मारायला माणूस ठेवला म्हणायचं?" त्यावर ते हिशेबाची वही शोधायला लागले. वही त्यांच्या हातातच होती.

शेवटी आमच्या जैन स्थानकात साध्वी महासतीजींना विचारलं. म्हटलं, एकाने ठेव ठेवली. परत दिली तर त्या ठेवीचा जीव जातो, नाही दिली तर विश्वास जातो. काय करावं? त्यांनी विचारलं, ठेव कसली आहे? मी म्हटलं, तांबडी.  त्या म्हणाल्या, मालकाला विचार.

तर मालकाला विचारते. रामदासच्या शेडातली ती पाखरं तशीही दीड महिन्यात जाणार. ~~त्यातलंच एक देवाला दिलं तर~~ हे वाक्य मी खोडलं आहे. दुसऱ्या जिवाकडे बोट दाखवायला माझा हात उठायला नको होता. पण शाई पातळ होती, तुला वाचता येईल.

उगम

---

वरचीवाडी,
१० मार्च

उगमला नमस्कार.

तुझं खोडलेलं आमच्या मालकांनी पहिलं वाचलं. त्यांना तेच पायजे व्हतं. म्हणले, "मॅट्रिक झालेली बाई सांगती, ती काय उगा?" आन रामदासला सांगून एक बॉयलर आणवला. सासूबाई म्हणल्या, "दाव देवाला. देवाला न्हाई पटलं तर तोच बोलंल."

आमच्यात रीत आशी, देवापुढं कोंबडा उभा करायचा, अंगावर पाणी शिपडायचं. कोंबड्यानं अंग झाडलं की देवानं घेतला. झाडल्याबिगर सुरी लावायची न्हाई. गावरान कसा, थेंब पडला की फडाफडा झाडतो. कधी कुणाला वाट बघावी लागली न्हाई.

बॉयलर उभाच ऱ्हाईना. बसला. भिमाजी भगतानं पाणी शिपडलं. त्यानं डोळं मिटलं. परत शिपडलं, तर चोच वर करून प्याला. पावणं आलेलं चांगदेवमामा म्हणलं, "आरं आधी पिसं तरी धड हायती का बघा. झाडाया अंगावर काय तरी पायजे." तासभर गेला. भगतानं तांब्या उपडा केला. तो गारव्याला पंख पसरून आजून आरामात बसला. तवा रामदास म्हणला, "आमी शेडात उन्हाळ्यात फवारा मारतो, त्याला सवय हाय."

सासूबाई म्हणल्या, "मग देवापुढं आणायच्या आधी सांगाया तोंड नव्हतं का रं तुला?"

पावणं बसलेलं. भाकरी झालेल्या, मसाला वाटलेला, चूल पेटलेली. ऊन डोक्यावर आलं, उतरलं. मामा त्याच्याम्होरं स्वतः अंग झाडून दावत व्हतं, पोरं हसून लोळली. दिवस बुडाया आला तवा भिमाजी म्हणला, "देव न्हाई म्हणत न्हाई, हां बी म्हणत न्हाई. देव इचारतोय, हे हाय काय?"

मग सगळ्यांनी नुसत्या मसाल्याचा रस्सा केला आन भाकरी कुस्करून उठलं.

आता त्या बॉयलरचं काय करावं ते कळत न्हाई. देवाला दावलेला, देवानं घेतला न्हाई, म्हंजी माणसानं खायाचा न्हाई. शेडात परत घेत न्हाईत, भायर गेलेलं पाखरू आत रोग आणतं म्हणं. पडवीत बसलाय. अंधार झाला की लई घाबरतो, रातभर दिव्याची सवय. सासूबाई त्याच्याजवळ रॉकेलची चिमणी लावून निजत्यात आन त्याला शिव्या देत्यात.

ते जाऊ दे. मर सरली. १२ एप्रिलला जत्रा हाय, त्या दिवशी नवस फेडायचा. रामदास येईल, कोंबडा त्याच्यासंगं पाठव.

मंगल

---

मंचर,
ता. १८ मार्च १९९८

सौ. मंगल हिस,

पत्र मिळालं. ठेव बरी आहे, वजन वाढलं आहे. हे लिहायला नको होतं.

एक विचार मांडते, रागावू नकोस. आमच्यात पर्युषणात बाजारात जाऊन बकरे पैसे देऊन सोडवतात. त्याला कोणी वाईट म्हणत नाही. मालकाला दाम मिळतो, जिवाला अभय मिळतं. तसंच समज. मंचरच्या बाजारात गावरान कोंबड्याचा जो भाव चालू असेल त्याच्या दुप्पट देते. त्याच्या खाण्याचे, तिकिटाचे, सुतळीचे मी काही लावत नाही. त्या पैशांत म्हसोबाला चांदीचा डोळा कर, छत्र कर, सगळ्या वाडीला पुरणपोळी घाल. गूळ आणि डाळ आमच्या दुकानातून येईल. देवाला गोड चालत नसेल असं मला वाटत नाही.

रामदास काल आला होता. त्याला म्हटलं, ठेव जरा आजारी आहे. हे खोटं होतं. तो आतून आरवला तेव्हा रामदासने माझ्याकडे पाहिलं, पण पोरगा गुणी आहे, चहा पिऊन गेला.

उगम

---

(पोस्टकार्ड)

वरचीवाडी, २७ मार्च

सौ. उगमबाई चंपालाल यांसी,

आमचा कोंबडा तुमी परत द्यावा. इकायला ठेवला नव्हता. सासूबाईंनी पत्र ऐकलं आन इचारलं, "नातवाची हळद केवढ्याला मागती ती?"  आमी गरीब आसू, पण देवाला बोललेलं इकत न्हाई. जत्रा १२ तारखेला हाय.

सौ. मंगल भागू

---

मंचर,
ता. २ एप्रिल १९९८

मंगल,

तू मला "तुमी" लिहिलंस. बाकीचं मी सोसलं असतं.

कार्ड टाकलंस ते उघडं. पोस्टमन जानकू दुकानात गिऱ्हाईकं उभी असताना आला आणि म्हणाला, "शेठ, डोंगरातून कार्ड हाय. त्यांचा कोंबडा परत मागत्यात." तराजू ह्यांच्या हातात होता, तो तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या बाजारपेठेत असं झालं होतं की आम्ही कोणाचा तरी कोंबडा खाल्ला. स्थानकात बाया माझ्यापासून हातभर लांब बसल्या. एकीने तर हळूच विचारलं, "चुकून झालं का?" मी तिला हात धरून गोदामामागे नेलं आणि कोंबडा दाखवला. म्हटलं, बघा, जिवंत आहे. आजवर आमच्या घरात काही जिवंत आहे म्हणून कोणाला दाखवायची वेळ आली नव्हती.

तू रागावलीस ते बरोबर आहे. जीव सोडवायचा तर जो विकतो त्याच्याकडून सोडवायचा असतो. तू तर दाम मागितलाही नव्हतास. ह्यांनी विचारलं, "दुप्पट लिहिलंस, कोणाला विचारून?" मग म्हणाले, "मागितल्यावर ठेव द्यायची. त्यापुढचं आपल्याला विचारलेलं नाही."

म्हणून १२ तारखेला सकाळच्या गाडीने मी स्वतः येते. रामदासच्या हाती देणार नाही. विश्वासाने आली, विश्वासाच्या हातात जाईल. सासूबाईंच्या हातात देईन आणि त्याच गाडीने परत फिरेन. मला थांबवू नकोस, आणि मी गेल्याशिवाय पाण्याचा तांब्या भरू नकोस. त्या दिवशी माझा उपवास आहे, म्हणून चहाचंही नाव काढू नकोस.

उगम

---

वरचीवाडी,
२० एप्रिल

उगम,

तू गाडीतनं मागं बघितलं न्हाईस, पण मी वळणापतुर गाडी बघत व्हते. सासूबाईंच्या हातात कोंबडा देताना तू त्याच्या डोक्यावरनं हात फिरवलास आन "खमावते" म्हणलीस. सासूबाई इचारत व्हत्या, काय म्हणली? मी म्हणलं, माफी मागितली. त्या म्हणल्या, "कुणाची?" मी म्हणलं, त्याची. तवर त्या तुझ्यावर लई राग धरून व्हत्या. मग राग उतरला. तू आणलेलं डालगं त्यांनी सोताच्या हातानं धुवून ठेवलंय.

तू म्हणलीस तसं, गाडी दिसंनाशी झाली तवाच तांब्या भरला. भिमाजीनं पाण्यात हात घातला आन कोंबड्यानं अंग झाडलं. पाणी आजून त्याच्या बोटातच व्हतं. भिमाजी म्हणला, "एवढ्या लवकर देवानं कुणाचंच घेतलं न्हाई." सासूबाई रडल्या. रामदासला हळद लावायची आता मोकळीक झाली. लगीन १४ मेला हाय.

आता पुढचं लिहिते, लपवत न्हाई. रस्सा झाला तशी पहिला घास घेऊन चांगदेवमामांनी हातातली भाकरी खाली ठिवली.  मग इचारलं, "ह्याला खायला काय घातलं व्हतं?" मी म्हणलं, निवडलेली ज्वारी आन भिजवलेलं हरभरं. मामा म्हणलं, "मंग बरोबर हाय. आमची उकिरड्यावर फिरत्यात. हा वाण्याच्या गोदामात राहिला. एवढी चव माझ्या जल्मात न्हाई."

मी खाणार नव्हते. तुझं तोंड डोळ्यासमोर येत व्हतं. मग सासूबाई म्हणल्या, परसाद हाय. मी खाल्लं. लई चांगलं लागलं. मग लई वाईट वाटलं. मग परत वाढून घेतलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

आन आता आसं झालंय की सगळ्या वाडीत बोभाटा झाला. वाण्याच्या घरचा कोंबडा म्हंजी काय, ज्याच्यात्याच्या तोंडी तेच. पुढच्या जत्रंला ज्यांचं नवस हायती त्या पाच जणी माझ्याकडं आल्या. म्हणत्यात, आमचं बी कोंबडं उगमबाईकडं ठिवा, ज्वारीचं पैसं देतो, लागंल तर वर भाडं देतो. मी म्हणलं, इचारून बघते. राग धरू नको. त्यातली सावळेरामची बायको तर म्हणली, तितकं दिस तरी जीव सुखात ऱ्हातील, त्या बाईला पुण्यच लागंल. मला काय त्यातलं कळत न्हाई. तुला कळत आसंल.

बॉयलर आजून हाय. रामदास म्हणतो, हे पाखरू दोन महिन्याच्या वर टिकत न्हाई, वजनानंच काळीज बसतं. पण ते बसलं न्हाई. सासूबाई त्याला अंगणात सोडत्यात. आधी नुसताच बसायचा. परवा त्यानं पायानं माती उकरली. उकरली आन सोताच दचकून मागं झाला. सासूबाईंनी शेजारपाजारच्या समद्यांना बोलावून दावलं.

तुझी मंगल

---

मंचर,
ता. २९ एप्रिल १९९८

प्रिय मंगल,

पत्र पोचलं. तू खाल्लंस ते मला लिहिलंस, ते बरं केलंस. दुसऱ्यांदा वाढून घेतल्याचं वाचून मला का हसू आलं ते मी महासतीजींनाही सांगू शकणार नाही.

पाच कोंबड्यांबद्दल. एक रात्र मी विचार केला, कारण सावळेरामच्या बायकोचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आमचे हे तर दुसऱ्याच सकाळी गोदामात जागा मोजायला लागले. गव्हात सोंडे परत आले आहेत. पण नाही, मंगल. मी दया म्हणून एकेक दाणा निवडून घातला आणि तो दाणा तुमच्या ताटात चव होऊन उतरला. हे वाचल्या दिवसापासून मी तीन आयंबिलं केली, अळणी खाऊन. पाप कोणाच्या नावावर मांडायचं ते मला अजून सापडलेलं नाही. तुझ्या नाही, सासूबाईंच्या नाही, म्हसोबाच्या तर नाहीच. पण पुन्हा मी कोणाला असं चविष्ट करणार नाही. पाच जणींना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, ज्वारी घरीच निवडा. भाव दुकानात विचारा, कमी लावू.

लग्नाला मी येईन. आहेर करीन, जेवायला थांबणार नाही.

आता माझं मागणं. तुमच्या अंगणातला तो बॉयलर मला दे. देवाने त्याला घेतलं नाही, माणसाने खायचं नाही, शेड परत घेत नाही. डोंगरापासून हायवेपर्यंत कोणाचाच नाही असा तो एकच जीव मला दिसतो. मात्र ठेव म्हणून नको, दिला म्हणून दे. जो कोणी कधी परत मागणार नाही असा. सासूबाईंचा जीव त्याच्यात गुंतला असेल तर तसं लिही, मी पुन्हा विचारणार नाही. दुप्पट वगैरे काही लिहिणार नाही.

द्यायचा असेल तर आधी त्याला हळूहळू अंधाराची सवय लाव. आमच्याकडे रात्रभर दिवा ठेवता येत नाही, किडे येऊन मरतात. त्याला सूर्यास्तानंतर न खाणं मी शिकवीन. माती उकरायला गोदामामागे जागा आहे. त्याने सोंडे खाल्ले तर काय, ते तो आल्यावर बघू.

रामदास म्हणतो तशी त्याच्याजवळ वेळ थोडी आहे. म्हणून सासूबाईंना आजच विचार आणि काय ते उलट टपाली कळव.

तुझी
उगम